सीसीटीव्हीचं कोटेशन कसं वाचायचं: लेन्सपासून हार्ड डिस्कपर्यंत

सोसायटीच्या सेक्रेटरीपदाची माळ गळ्यात पडली की वर्षभरात तीन कोटेशनं हमखास हातात येतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लिफ्टचं एएमसी आणि सीसीटीव्ही. पहिली दोन कशीबशी समजतात. तिसरं मात्र असं असतं:

"2 एमपी आयआर बुलेट, 3.6 एमएम, आयपी67: 6 नग. 8 चॅनल डीव्हीआर, 1080एन, एच.265. हार्ड डिस्क 1 टीबी. 3+1 केबल मीटरप्रमाणे. एसएमपीएस, बीएनसी, डीसी पिन. लेबर वेगळं."

हे आमच्याच सोसायटीचं जुनं कोटेशन. सगळ्यांनी शेवटचा आकडा पाहिला, थोडी घासाघीस केली आणि सही ठोकली. पुढे एका संध्याकाळी पार्किंगमधून एका काकांची सायकल गेली. वॉचमनच्या केबिनमध्ये मॉनिटरभोवती आम्ही सहाजण दाटीवाटीने उभे. गेटमधून सायकल घेऊन जाणारा माणूस दिसत होता, पण त्याच्या मागे रस्त्यावरच्या दिव्यांचा झगमगाट, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळा ठिपका. एकजण म्हणाला, "हा तर इस्त्रीवाला." दुसरा म्हणाला, "छे, चाल बघा, वॉचमनचा भाचा आहे." सायकल काही मिळाली नाही, वर दोन निरपराध माणसांवर संशय घेऊन झाला.

म्हणून आता त्याच कागदातला एकेक शब्द सोडवू. ('बुलेट' म्हणजे लांबट नळीच्या आकाराचा कॅमेरा, एवढं आताच सांगून टाकतो.) क्रम मात्र कोटेशनचा नको. तो विकणाऱ्याच्या सोयीचा असतो.

पायरी 1: कागद बाजूला ठेवा, आधी गेटवर जा

कॅमेरा घ्यायच्या आधी प्रत्येक जागेसाठी एकच प्रश्न: इथे मला नेमकं काय कळायला हवं? कोणीतरी आलं एवढं पुरे, की कोण आलं हे हवं?

यासाठी आयईसी 62676-4 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2014 च्या आवृत्तीत पातळ्या ठरवल्या होत्या, त्यातल्या चार आपल्या कामाच्या. कॅटलॉगमध्ये त्यांच्या आद्याक्षरांवरून 'डोरी' नावाचा तक्ता असतो. मोजमाप साधं आहे: चित्रातल्या एक मीटर रुंदीच्या जागेवर किती पिक्सेल पडतात. 25 पिक्सेल पडले तर माणूस आहे एवढं समजतं, हे डिटेक्शन. 62 च्या आसपास कपडे, पिशवी, चालण्याची ढब कळते; हे ऑब्झर्व्हेशन. 125 ला रोज पाहिलेला माणूस 'हा आपलाच' असा ओळखू येतो, हे रेकग्निशन. आणि ज्याला कधी पाहिलंच नाही त्याचा चेहरा खात्रीने पटवायचा असेल तर 250 हवेत, हे आयडेंटिफिकेशन.

गच्चीच्या दाराला 62 चालतील. मुख्य गेटला 250 च्या खाली येऊ नका. कागदावर जागांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे या चारपैकी एक आकडा लिहा. विक्रेत्याशी बोलणी त्या यादीवरून होऊ द्या.

पायरी 2: एमपी आणि एमएम एकत्र वाचा

एमपी म्हणजे मेगापिक्सेल, चित्रातल्या एकूण ठिपक्यांची संख्या दहा लाखांत. 2 एमपीचं चित्र 1920 ठिपके रुंद आणि 1080 उंच. 4 एमपीचं बहुधा 2560 रुंद. 8 एमपी, ज्याला 4के म्हणतात, ते 3840 रुंद. आपल्या कामाचा आकडा रुंदीचा.

एमएम म्हणजे लेन्सची फोकल लेंथ. आकडा लहान तर दृश्य रुंद आणि माणूस छोटा. आकडा मोठा तर दृश्य अरुंद आणि माणूस जवळ आल्यासारखा. घरगुती आणि सोसायटीच्या कॅमेऱ्यांत जे सेन्सर नेहमी सापडतात, त्यांच्यासाठी मी एक ढोबळ हिशेब डोक्यात ठेवला आहे. 2.8 एमएमला दृश्याची रुंदी अंतराच्या साधारण दुप्पट, 3.6 ला दीडपट, 6 ला अंतराइतकीच आणि 12 ला निम्मी. मॉडेलनुसार थोडं इकडेतिकडे होतं, पण कोटेशनवर प्रश्न विचारायला एवढं पुरतं.

आता आमच्या गेटचं गणित बघा. कॅमेरा खांबावर, गेटपासून 14 मीटरवर. लेन्स 3.6, म्हणजे गेटपाशी दृश्याची रुंदी 21 मीटर. 1920 भागिले 21, म्हणजे मीटरला 91 पिक्सेल. ओळखीचा माणूस ओळखायलाही 125 लागतात! इस्त्रीवाला की भाचा, हा वाद त्या 91 मध्येच लिहिलेला होता. (खरं तर 91 सुद्धा नव्हते. ते पुढे येईलच.)

उलट बाजूने विचार करा. 250 पिक्सेल हवेत, तर 2 एमपीला दृश्य 7.68 मीटरपेक्षा रुंद चालणार नाही. म्हणजे 2.8 ची लेन्स असेल तर माणूस चार मीटरच्या आत हवा. 6 ची असेल तर साडेसात मीटरपर्यंत चालेल. गेटसाठी बहुतेकदा महाग कॅमेऱ्याची गरजच नसते, लेन्स बदलली की काम होतं. आणि सगळा परिसर एका कॅमेऱ्यात 'कव्हर' करून देतो म्हणणाऱ्याला विचारा, कव्हर म्हणजे कितीचा, 25 चा की 250 चा?

लेन्सच्या बाबतीत आणखी दोन शब्द कानावर पडतील. 'फिक्स्ड' म्हणजे आकडा कारखान्यातून ठरूनच आलेला. 'व्हेरिफोकल' म्हणजे 2.8 ते 12 अशा पट्ट्यात जागेवर जुळवता येणारी. मोटराइज्ड असेल तर ती शिडी न लावता मोबाइलवरून जुळवता येते. गेटला व्हेरिफोकल घ्या. बाकी ठिकाणी फिक्स्ड पुरते. 'डिजिटल झूम' हा शब्द मात्र मनावर घेऊ नका, तो आहेत तेच ठिपके मोठे करून दाखवतो.

उंचीबद्दलही एक गोष्ट. कॅमेरा जितका वर, तितका चोरांपासून सुरक्षित हे खरं. पण फार वर लावला की चेहऱ्याऐवजी टोपी, टक्कल आणि पावसाळ्यात छत्र्या दिसतात. चेहऱ्याचा कॅमेरा अडीच-तीन मीटरवर असू द्या आणि त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा वर लावा.

पायरी 3: रात्र आणि उजेड

कॅमेरा दुकानात दाखवतात दुपारी, आणि लागतो रात्री. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

'लक्स' हे उजेडाचं माप. चांगल्या ऑफिसात टेबलावर 300 ते 500 लक्स असतात. पौर्णिमेच्या चांदण्यात लक्सचा एखादा अंश. कॅटलॉग म्हणतो, '0.01 लक्समध्येही रंगीत'. खोटं नसेलही, पण ते साधण्यासाठी कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि चालणारा माणूस फरफटल्यासारखा पुसट येतो. उभी गाडी सुंदर, पळणारा माणूस भुतासारखा. त्यापेक्षा लेन्सचा एफ आकडा बघा. तो जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त. एफ1.0 ला एफ2.0 च्या चौपट उजेड मिळतो.

'आयआर' म्हणजे इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा उजेड. लेन्सभोवतीचे एलईडी तो टाकतात. बहुतेक कॅमेऱ्यांत तो 850 नॅनोमीटरचा असतो, अंधारात एलईडी मंद लाल दिसतात. 940 चे दिसतच नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. तिन्हीसांजेला कॅमेऱ्यातून 'टक्' असा आवाज आला तर घाबरू नका. दिवसा इन्फ्रारेड अडवणारी काच लेन्समागून बाजूला सरकली आणि चित्र कृष्णधवल झालं, एवढंच. ही काच मध्येच अडकली की दिवसाढवळ्या झाडं गुलाबी दिसायला लागतात. कॅमेरा बिघडला म्हणून नवा विकायला निघालेल्याला ही खूण सांगा.

आयआरचे तोटेही असतात. कोळ्याचं जाळं लेन्ससमोर पांढऱ्या दोरखंडासारखं चमकतं. गाडीची नंबर प्लेट उजेड परत फेकणारी असल्यामुळे नुसता पांढरा चौकोन उरतो. म्हणून नंबर प्लेटसाठी वेगळा, त्याच कामाचा कॅमेरा लागतो. एकाच कॅमेऱ्यात चेहराही आणि नंबरही, हा हट्ट सोडा. शक्य असेल तर गेटवर साधा एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवा. विजेच्या बिलात थोडी भर पडेल, पण त्याने जे साधतं ते कुठल्याही कॅटलॉगने साधत नाही.

आमच्या त्या काळ्या ठिपक्याचं कारण मात्र वेगळं होतं. मागे प्रखर उजेड आणि पुढे सावलीत माणूस असला की साधा कॅमेरा उजेडाला सांभाळतो आणि माणसाला काळा करतो. यावरचा उपाय म्हणजे 'डब्ल्यूडीआर'. कॅमेरा एकाच दृश्याची कमी-जास्त उजेडाची चित्रं लागोपाठ घेऊन त्यांचं एक करतो. खऱ्या डब्ल्यूडीआरपुढे डेसिबलमध्ये आकडा असतो, बहुधा 120 डीबी. 'डीडब्ल्यूडीआर' लिहिलं असेल तर ती नंतर सॉफ्टवेअरने केलेली रंगरंगोटी. एका 'डी'चा फरक आहे, पण गेट, लॉबीचं काचेचं दार आणि पार्किंगचं तोंड या तीन जागी तोच फरक महत्त्वाचा ठरतो. 'बीएलसी' ही त्याच दुखण्यावरची जुनी, हलकी गोळी. 'एचएलसी' गाड्यांच्या हेडलाइटची धग कमी करतं.

पायरी 4: डबा आणि त्याच्या वायरी

डीव्हीआर म्हणजे कोअॅक्सियल (टीव्हीच्या केबलसारख्या) केबलवरून येणारं चित्र साठवणारा डबा. एनव्हीआर म्हणजे नेटवर्क केबलवरून येणारं. दोन्ही चालवून घेणाऱ्याला बाजारात एक्सव्हीआर म्हणतात. '8 चॅनल' म्हणजे आठ कॅमेऱ्यांची सोय. सहा लावत असाल तरी आठचाच घ्या, सातवा कॅमेरा पुढच्या सर्वसाधारण सभेत मंजूर होणारच.

आता त्या '1080एन'कडे या. वाचताना 1080पी सारखंच वाटतं. पण 1080पी मध्ये चित्र 1920 ठिपके रुंद साठवलं जातं, तर 1080एन मध्ये साधारण 960. कॅमेरा 2 एमपीचा, पण डबा निम्मीच रुंदी साठवणार! म्हणजे आमच्या गेटचे 91 पिक्सेल रेकॉर्डिंगमध्ये 45 वर आले होते. लाइव्ह बघताना झकास आणि जुनं फुटेज काढलं की चिखल, अशी तक्रार आली की मी आधी हेच तपासतो. '1080पी लाइट' हेही त्याच घरातलं नाव.

'3+1' केबल म्हणजे एकाच आवरणात चित्राची एक कोअॅक्सियल आणि तीन बारीक वायरी, त्यातून 12 व्होल्टचा पुरवठा जातो. तो देणारी पेटी म्हणजे एसएमपीएस. टोकाला चित्रासाठी बीएनसी आणि विजेसाठी डीसी पिन. केबल लांबली की व्होल्ट वाटेत गळतात. दिवसभर नीट चालणारा कॅमेरा संध्याकाळी सातला बंद-चालू होत असेल, तर कारण बहुधा हेच: आयआर पेटतं, करंट जास्त ओढला जातो आणि लांबच्या टोकाला 12 च्या जागी 10 च पोचतात.

आयपी कॅमेऱ्यात, म्हणजे नेटवर्क केबलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात, ही कटकट 'पीओई'मुळे जाते. एकाच कॅट6 केबलमधून चित्रही येतं आणि वीजही जाते. साध्या पीओईत नेटवर्क स्विचच्या (सगळ्या केबल जिथे जोडतात त्या पेटीच्या) प्रत्येक पोर्टमधून 15.4 वॉटपर्यंत मिळतात, पीओई प्लसमध्ये 30. मर्यादा 100 मीटरची. केबल घेताना 'प्युअर कॉपर' आहे की 'सीसीए', म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम, हे बिलावर लिहून घ्या. दरात मीटरमागे जो फरक दिसतो तो बहुतेकदा इथला.

आणि 'आयपी'चा गोंधळ मिटवून टाकू. आयपी कॅमेऱ्यातला आयपी म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल. आयपी67 मधला आयपी म्हणजे आत काही शिरण्यापासून संरक्षण: पहिला 6 धुळीचा, दुसरा आकडा पाण्याचा. 66 ला पाण्याचे जोरदार फवारे चालतात, 67 ला मीटरभर पाण्यात अर्धा तास. मात्र ही हमी कॅमेऱ्याच्या डब्याची, जोडाची नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसात मरतो तो बहुधा उघड्यावर लोंबणारा जोड. तो जंक्शन बॉक्समध्ये गेलाच पाहिजे. 'आयके10' दिसलं तर तो ठोसे सहन करण्याचा आकडा, 20 ज्यूलपर्यंतचा.

पायरी 5: किती दिवस राहणार?

"महिनाभराचं रेकॉर्डिंग राहील ना?" "राहील की!" हा संवाद प्रत्येक सोसायटीत होतो. पाटी-पेन्सिल घ्या.

'एफपीएस' म्हणजे सेकंदाला किती चित्रं. सोसायटीला 15 पुरतात, 25 म्हणजे चैन. 'एच.264' आणि 'एच.265' या चित्र दाबून लहान करायच्या पद्धती, पहिली 2003 ची, दुसरी 2013 ची. त्याच दर्जाला एच.265 जवळपास निम्मी जागा घेते. या सगळ्याचं फलित एका आकड्यात येतं, 'बिटरेट', म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट साठवले जातात. 2 एमपी कॅमेऱ्याला एच.265 वर 2 एमबीपीएस धरू.

आठ बिटचा एक बाइट, दिवसाचे 86,400 सेकंद. म्हणजे एका कॅमेऱ्याला रोज 21.6 जीबी. सहा कॅमेऱ्यांना 129.6 जीबी. आमच्या 1 टीबीत किती दिवस? पावणेआठ. त्यानंतर 'ओव्हरराइट', म्हणजे सगळ्यात जुन्या दिवसावर नवा दिवस लिहिला जातो. एका सभासदाला गाडीवरचा ओरखडा दोन आठवड्यांनी दिसला, तेव्हा त्या दिवसाचं फुटेज केव्हाच पुसलं गेलं होतं. तीस दिवस हवे असतील तर आम्हाला 4 टीबी लागणार होती.

'मोशन रेकॉर्डिंग' लावलं, म्हणजे हालचाल झाली तरच साठवायचं ठरवलं, तर दिवस वाढतात. पण पाऊस, हलणारी फांदी आणि दिव्याभोवतीचे किडे हीही हालचालच. 'ह्यूमन डिटेक्शन' असलेले नवे कॅमेरे माणूस आणि फांदी बऱ्यापैकी वेगळी करतात. तरी गेटवर मी सलग रेकॉर्डिंगच ठेवतो.

हार्ड डिस्क संगणकाची जुनी चालणार नाही. 'सर्व्हेलन्स' वर्गाची घ्या, ती चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली असते. डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक ही नेहमीची नावं.

जाता जाता: डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग 18 महिने, आणि तशी उपकरणं मिळत नसतील तर किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं. वरच्याच हिशेबाने 18 महिन्यांना एका कॅमेऱ्यासाठी जवळपास 12 टीबी लागतात.

पायरी 6: मोबाइल, पासवर्ड आणि ओनव्हिफ

कॅमेरा एकाच वेळी दोन धारा सोडतो. 'मेनस्ट्रीम' पूर्ण दर्जाची, डब्यात साठणारी. 'सबस्ट्रीम' हलकी, मोबाइलवर दिसणारी. मोबाइलवर पुसट दिसलं म्हणून कॅमेऱ्याला नावं ठेवू नका. आणि काही जण दोन्ही हलक्या ठेवून जातात, म्हणून मेनस्ट्रीमचं सेटिंग स्वतः उघडून बघा.

'पी2पी' म्हणजे क्यूआर कोड स्कॅन करून अॅपमध्ये जोडणं. 'पोर्ट फॉरवर्डिंग' म्हणजे राउटरमध्ये थेट खिडकी उघडणं. ती उघडू देऊ नका. 'डिफॉल्ट पासवर्ड' कारखान्यातला, जगजाहीर. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने असेच पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडवल्या. बसवणारा निघायच्या आधी अॅडमिनचा पासवर्ड त्याच्यासमोर बदला. तो समितीच्या दोघांकडे लिखित ठेवा, नाहीतर सेक्रेटरी बदलला की डबा रिसेट करायची वेळ येते.

'ओनव्हिफ' ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी आणि डब्यांनी एकमेकांशी बोलायची समाईक भाषा. अॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी 2008 मध्ये ती सुरू केली. ती असेल तर उद्या कॅमेरा एका कंपनीचा आणि एनव्हीआर दुसऱ्याचा चालतो. भारतात एप्रिल 2025 पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्यांची अट लागू आहे, म्हणून 'एसटीक्यूसी', म्हणजे चाचणी करून प्रमाणपत्र देणारी सरकारी यंत्रणा, हा शब्द आता कोटेशनमध्ये दिसतो. मॉडेल नंबरसकट तो लिहून मागा.

'प्रायव्हसी मास्क' हाही शब्द लक्षात असू द्या. समोरच्या फ्लॅटचं दार किंवा खिडकी चित्रात येत असेल तर तेवढ्या भागावर काळी पट्टी टाकता येते. ती टाकली की शेजाऱ्यांशी होणारी निम्मी भांडणं होत नाहीत.

पायरी 7: पोलीस फुटेज मागायला आले तर

मॉनिटरवर चाललेलं चित्र मोबाइलने शूट करून व्हॉट्सअॅपवर टाकणं हा पुरावा नव्हे. डब्यातून 'एक्सपोर्ट' किंवा 'बॅकअप' करून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची. न्यायालयात त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. 2014 च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा खटला झाला. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हा वाद होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. 14 जुलै 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र बंधनकारक. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या कलम 65बी खाली होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आलं. त्यातल्या नमुन्यात 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एक ठिपका जरी बदलला तरी ठसा बदलतो.

आणि डब्याचं घड्याळ! 'एनटीपी' चालू करा, म्हणजे ते इंटरनेटवरून वेळ जुळवत राहतं. आमचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं. इन्स्पेक्टर साहेबांनी समोरच्या दुकानाचं फुटेज आणि आमचं शेजारी लावलं, तर सायकल आमच्या गेटमधून बाहेर पडण्याआधीच दुकानासमोरून गेलेली!

पायरी 8: शेवटचा चेक देण्याआधी

काम संपलं म्हणून सांगायला विक्रेता दुपारी येतो. त्याला रात्री नऊला बोलवा. वॉचमनला गेटमधून नेहमीच्या चालीने आत यायला सांगा, एकदा उघड्या तोंडाने आणि एकदा छत्री घेऊन. मग मोटारसायकल हेडलाइट लावून आत आणा. लाइव्ह चित्र बघू नका. पाच मिनिटं थांबा, तेच रेकॉर्डिंग मागे जाऊन काढा, पेन ड्राइव्हवर घ्या आणि घरी लॅपटॉपवर लावा. फाइल उघडायला वेगळा प्लेअर लागत असेल तर तोही त्याच वेळी मागून घ्या. आमच्या नव्या 6 एमएमच्या कॅमेऱ्यात त्या रात्री वॉचमनच्या शर्टावरची नावाची पट्टी वाचता आली, छत्रीतला चेहरा मात्र नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा आणखी दीड फूट खाली घेतला.